वाचकांचे प्रश्न : वाकता येत नाही, मग योग कसा करायचा?

जून आला की या सदरात योगावरचे प्रश्न धो धो यायला लागतात. 21 जूनचा योगदिन जवळ आलेला असतो, सोसायटीच्या ग्रुपवर शिबिरांचे मेसेज फिरत असतात आणि सगळ्यांनाच वाटतं की यंदा सुरू करायचंच. यावेळी इतके मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. आधीच सांगते, मी योगशिक्षिका आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरकडे जा असं लिहिलंय तिथे खरंच जा, प्लीज.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलनीत सकाळी योगाचा क्लास असतो, मी दोन महिने जातेय. पण मला पद्मासन जमत नाही, हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत, बाजूच्या बायका छान वाकतात आणि मला लाजल्यासारखं होतं. सर कधी म्हणतात योग म्हणजे जीवा-शिवाचं मिलन, कधी म्हणतात उत्तम व्यायाम. मला कळतच नाही की योग म्हणजे नक्की काय आणि माझ्यासारखीने करण्यात काही अर्थ आहे का? (गृहिणी, वय 46, इचलकरंजी)

उत्तर : आहे, भरपूर अर्थ आहे, आणि क्लास अजिबात सोडू नका.

पतंजलींची योगसूत्रं म्हणजे योगाचा सगळ्यात मानला जाणारा ग्रंथ. त्यात जवळजवळ दोनशे सूत्रं आहेत आणि त्यातली आसनाबद्दलची फक्त तीन! त्या तिनांतलं पहिलं आहे ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे ज्यात स्थिर आणि सुखाने बसता येतं ते आसन. पुढच्याच सूत्रात ते म्हणतात की प्रयत्न सैल सोडला की आसन साधतं. अंगठा पकडा, कपाळ गुडघ्याला टेकवा असं काही पतंजली सांगत नाहीत. आज आपल्याला माहीत असलेली बरीचशी आसनं नंतरच्या हठयोगाच्या ग्रंथांतून आणि त्याहीनंतरच्या शिक्षकांकडून आली, पंधराव्या शतकाच्या आसपासच्या हठप्रदीपिकेत सुद्धा पंधराच आसनांचं वर्णन आहे.

मग योग म्हणजे काय तर पतंजली दुसऱ्याच सूत्रात सांगून टाकतात, चित्ताच्या वृत्ती थांबणं म्हणजे योग. मन सतत इकडून तिकडे पळत असतं, गॅसवर दूध ठेवलंय, मुलीची फी भरायचीय, काल जाऊबाई असं का बोलल्या, ते पळणं शांत होणं. तिथपर्यंत जायला त्यांनी आठ अंगं सांगितलीत आणि त्यात आसन तिसऱ्या नंबरवर आहे, त्याच्या आधी यम आणि नियम येतात, म्हणजे कुणाला दुखवू नये, खरं बोलावं, दुसऱ्याचं घेऊ नये, गरजेपेक्षा जास्त साठवू नये, आहे त्यात समाधान मानावं वगैरे. आसनानंतर प्राणायाम आणि मग आत आत जात ध्यान, समाधी. तुमचे सर मिलन म्हणतात ते या वाटेचं शेवटचं टोक आहे, व्यायाम म्हणतात तो मधला एक टप्पा, दोन्ही खरंच आहे पण दोन्हींच्या मध्ये खूप मोठा भाग आहे आणि आपल्यासारख्या संसारी माणसांचं काम तिथेच असतं. गीतेत तर योगाची अगदी रोजच्या वापरातली व्याख्या आहे, ‘समत्वं योग उच्यते’, यश आलं काय आणि अपयश आलं काय, मनाचा तोल ढळू न देणं.

आणि आपण मराठी माणसांनी तर हे परकं मानायचं कारणच नाही. ज्ञानेश्वर महाराज नाथपंथाच्या परंपरेतले, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी योगाला पंथराज म्हटलंय आणि कुठे बसावं, कसं बसावं, आत काय काय घडतं हे इतकं बारकाईने लिहिलंय की वाचताना अंगावर काटा येतो. बसायची जागा अशी असावी की एखाद्या विलासी माणसालाही बघताक्षणी वाटावं राज्य सोडून इथेच निवांत राहावं, असं ते म्हणतात. आणि तेच महाराज हरिपाठात सांगतात, ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धी, वायांचि उपाधि दंभधर्म’. भाव नसेल आणि नुसता दिखावा असेल तर योगसुद्धा उपाधीच, म्हणजे फुकटचा व्याप. ज्याने पंथराजाचं एवढं रसाळ वर्णन केलं त्यानेच हे म्हणावं हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या हात न पोचण्याबद्दल. पाय पसरून बसा, बसायच्या जागेखाली एक घडी केलेलं जाड ब्लँकेट घ्या म्हणजे कंबर मागे कलंडणार नाही. जुनी ओढणी दोन्ही तळपायांना अडकवा आणि टोकं हातात धरा. गुडघे थोडे वाकले तर वाकू द्या. आता खाली जायची घाई करू नका, आधी जबडा बघा, दात आवळलेले असतात बऱ्याच जणींचे, ते सोडा. कपाळावरची आठी सोडा. खांदे कानाजवळ आले असतील तर खाली. मग श्वास सोडताना ओढणीवरची पकड जराशी पुढे न्या, एक बोटभर पुरे, आणि तिथेच पाच-सहा श्वास थांबा. श्वास अडकायला लागला तर तुम्ही तुमच्या हद्दीच्या पुढे गेलात, मागे या. एवढं केलंत तर तुमचं पश्चिमोत्तानासन झालं, पूर्ण झालं. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि पुढे पट्टे, विटा, खुर्च्या, दोर वापरून त्यांनी कडक झालेल्या, आजारी, म्हाताऱ्या माणसांना आसनं शिकवली, ते स्वतः लहानपणी फार आजारी असायचे म्हणून त्यांना ही गरज आतून कळली असावी असं मला वाटतं. आज जगभर जे योगाचे ब्लॉक आणि बेल्ट विकले जातात त्याचं बरंचसं श्रेय आपल्या पुण्यातल्या या कामाला आहे. तेव्हा ओढणी घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो असं सगळे सांगतात. हे खरं आहे का? मी सायन्स शिकवतो, मुलांनी विचारलं तर नीट उत्तर देता यावं म्हणून विचारतोय. (शिक्षक, नांदेड)

उत्तर : सर, प्रश्न फार आवडला. कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावलाय, आठवतं ना, बऱ्या माणसाचं रीडिंग साधारण 95 ते 100 येतं. म्हणजे रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं आहे, खोल श्वास घेऊन त्यात फार काही वाढणार नाही. त्यामुळे ‘जास्त ऑक्सिजन’ हे उत्तर मुलांना देऊ नका.

खरा फायदा दुसरीकडे आहे आणि तो घरच्या घरी तपासता येतो. शांत बसा, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून नाडी शोधा. आता पाच आकडे मोजत श्वास घ्या आणि पाच मोजत सोडा, असं काही मिनिटं. लक्ष दिलंत तर जाणवेल की श्वास घेताना नाडी किंचित भरभर पडते आणि सोडताना संथ होते. तरुण मुलांमध्ये हे जास्त ठळक कळतं, वर्गात करून बघा, मुलं एकदम खूश होतील. मेंदूपासून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे, श्वास सोडताना तिचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, म्हणून गती कमी. आपण एरवी मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, ते सहाच्या आसपास आणले की नाडीतला हा चढउतार मोठा होतो आणि ब्लडप्रेशर सांभाळणारी शरीराची यंत्रणाही चांगली काम करायला लागते. राग आल्यावर आपल्या आज्या ‘जरा दम घे’ म्हणायच्या त्यामागे हेच आहे.

आणि मुलांना हेही जरूर सांगा की योगाची अशी तपासणी आपल्या लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम काढलं आणि योगमीमांसा नावाचं त्रैमासिक सुरू केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना आतड्यातला दाब किती कमी होतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले. त्याआधी योगी नौली करून पाणी आत ओढून घेतात याला लोक सिद्धी समजायचे, स्वामीजींनी दाखवलं की आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो म्हणून पाणी आत येतं. परंपरेवर अतोनात प्रेम आणि तरीही मोजून बघायची तयारी, ही दोन्ही एका माणसात होती याचा मला खूप अभिमान वाटतो. मुंबईत सांताक्रूझला असलेली योगेंद्रजींची द योगा इन्स्टिट्यूट तर त्याहून जुनी, 1918 ची, घरगुती माणसांना आणि आजाऱ्यांना योग शिकवायचं काम ही संस्था तेव्हापासून करतेय.

प्रश्न : मी रोज कपालभातीचे हजार स्ट्रोक मारतो, पोट काही कमी होत नाही आणि मधूनमधून चक्कर येते. स्ट्रोक वाढवू का? (वय 29, नाशिक)

उत्तर : अजिबात वाढवू नका. चक्कर येतेय म्हणजे थांबायचं. भरभर श्वास फेकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, गरगरतं, कधी बोटांना मुंग्या येतात. ही काही कुंडलिनी जागी झाल्याची खूण नाही.

कपालभाती ही मुळात शुद्धिक्रिया आहे, हठप्रदीपिकेत ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत येते, आणि तिथे म्हटलंय की ज्यांच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्यांनी प्राणायामाच्या आधी या क्रिया कराव्यात, बाकीच्यांना गरज नाही. तुम्ही म्हणाल बघा मेद आहेच की! हो, पण म्हणून पोटाचे स्नायू हलवले की नेमकी पोटावरचीच चरबी जळते असं शरीराचं गणित नाहीये. चरबी कमी व्हायची तर सगळीकडून होते, त्यासाठी खाणं आणि एकूण हालचाल बघावी लागते. एका वेळी वीस-तीस सावकाश स्ट्रोक, मग थांबून साधा श्वास, असे दोन-तीन राउंड खूप झाले. हाय बीपी, हार्टचा त्रास, हर्निया, फिट येणं, काचबिंदू, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल किंवा बाई गरोदर असेल तर कपालभाती करायचीच नाही. आणि इतकं कमी करूनही चक्कर येत राहिली तर बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : मला 9 वर्षांपासून शुगर आहे, मिसेसना थायरॉइड. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय की मंडूकासन आणि सर्वांगासन केलं की तीन महिन्यात गोळ्या बंद. आम्ही दोघांनी सुरू केलंय आणि गोळ्या अर्ध्या केल्यात. बरोबर आहे का? (वय 58, सांगली)

उत्तर : नाही काका, बरोबर नाही. आजच डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्या अर्ध्या केल्याचं सांगा. मला हे पत्र वाचून खरंच काळजी वाटली म्हणून बाकीच्यांपेक्षा आधी तुम्हाला मेलने उत्तर पाठवलंय, इथे छापतेय ते इतरांनी वाचावं म्हणून.

योगाने शुगरला मदत होते यात शंका नाही. औषधं, पथ्य आणि त्याच्या जोडीला नियमित योगाभ्यास असेल तर शुगर कंट्रोलमध्ये यायला हातभार लागतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, वजन, झोप, टेन्शन यावर परिणाम होतो आणि त्यातून शुगरवर. पण जोडीला, औषधाच्या जागी नाही! तुमचे रिपोर्ट सुधारले तर गोळी कमी करायचा निर्णय डॉक्टर घेतील. मिसेसना जर थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असेल तर ती शरीरात जे हार्मोन कमी पडतंय तेच बाहेरून देतेय, सर्वांगासनात हनुवटी गळ्याला टेकली म्हणून ग्रंथी पुन्हा हार्मोन बनवायला लागेल असा कुठलाही पुरावा नाही. शिवाय पन्नाशीनंतर, त्यातही मानेचा त्रास असेल तर, पहिल्यांदाच सर्वांगासन, हलासन करणं हे मानेवर नको इतकं ओझं आहे.

अजून एक, इन्शुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर सकाळी उपाशीपोटी जोरात सूर्यनमस्कार घालू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. खिशात ठेवतच जा. आणि तो व्हिडिओ पुढे कुणाला पाठवला असेल तर त्यांनाही फोन करून सांगा, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे, दिवसभर बसून कंबर धरते. मित्र म्हणतो जिम लाव, आई म्हणते योगा कर. एमआरआयमध्ये डिस्क थोडी बल्ज आहे असं आलंय. (वय 31, पुणे)

उत्तर : आधी हे बघ की पायात बधिरपणा वाढतोय का, पाऊल टाकताना ताकद कमी वाटते का, लघवी-संडासवरचा कंट्रोल बिघडलाय का. यातलं काहीही असेल तर योगशिक्षकाकडे नाही, थेट हॉस्पिटलला जायचं. नसेल, आणि डॉक्टरांनी हालचाल करायला परवानगी दिली असेल तर पुढचं वाच.

जुनी कंबरदुखी ही योगाचा उपयोग बऱ्यापैकी तपासला गेलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात जुन्या दुखण्यावर आधी औषधाशिवायचे उपाय करून बघा असं म्हटलंय आणि त्या उपायांत योग आहे. फायदा किती तर थोडा ते मध्यम, जादू नाही, आणि काही जणांची कंबर योगाने दुखावते सुद्धा, हेही अभ्यासांत दिसतं. तुझ्या बाबतीत डिस्क बल्ज आहे म्हणून पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, आणि घाईचे सूर्यनमस्कार सध्या नकोत. मार्जारासन, नाभी जमिनीला ठेवून थोडंच उचललेलं भुजंगासन, सेतुबंधासन, ही कर, तीही समोर शिक्षक असताना. ऑफिसमधून आल्यावर पाठीवर झोप आणि पिंढऱ्या खुर्चीवर ठेव, गुडघ्यात काटकोन, दहा मिनिटं. कंबर जमिनीला हळूहळू टेकायला लागते ते तुला स्वतःलाच जाणवेल, बरेच जण त्यातच झोपून जातात आणि झोपले तरी चालतं.

जिम की योगा, तर भांडण लावायची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल असं चालणं वगैरे करावं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हळुवार आसनांनी ही सगळी गरज भरून निघत नाही, मी स्वतः योग शिकवते तरी चालायला जाते. आईला सांग दोन्ही करतोय. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीवरून उठ, हे न करता सकाळी तासभर कितीही आसनं केलीस तरी उरलेले दहा तास कंबर तशीच दबून राहणार.

प्रश्न : वय 72, गुडघे गेलेत, खाली बसलं की उठता येत नाही. हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियम चालू आहे. नात म्हणते आजी तू पण योगा कर. मी काय करू? (रत्नागिरी)

उत्तर : आजी, नातीला माझ्याकडून शाबासकी द्या. खाली बसायचंच नाही. बिनहाताची, न हलणारी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नसतील टेकत तर खाली पाट ठेवा. बसूनच श्वास घेताना हात वर, सोडताना खाली. घोटे गोल फिरवायचे. एक पाय सरळ पुढे उचलून मनात पाच मोजायचं, याने मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. वज्रासन, पद्मासन यांचं नावही काढू नका.

दुसरं, ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि एक पाऊल जमिनीपासून चार बोटं उचलायचं, मग दुसरं. हेच तुमचं वृक्षासन. या वयात पडणं हे सगळ्यात वाईट आणि तोल सांभाळायचा सराव रोज थोडा थोडा केला की पडायची भीती खरंच कमी होते, नात जवळ असताना करा. हाडं ठिसूळ असल्यामुळे एकच गोष्ट कडक पाळायची, पाठीची कमान करून पुढे वाकायचं नाही आणि जोरात पिळायचं नाही, मणक्याला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. चप्पल पडली तरी खुर्चीत बसून उचला किंवा नातीला सांगा.

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिश्चन. योगाने माझा दमा आणि झोप दोन्ही सुधारलंय पण क्लासमध्ये ओंकार आणि श्लोक असतात, घरच्यांना ते पटत नाही. ते न म्हणता केलं तर योग अपुरा राहतो का? (वय 40)

उत्तर : नाही राहत. पतंजलींनी मन एकाग्र करायला एकापेक्षा जास्त मार्ग सांगितलेत, ओंकार त्यातला एक, नुसता श्वासावर लक्ष देणं हाही एक, आणि शेवटी ते म्हणतात की आपल्याला जे प्रिय असेल त्याचं ध्यान केलं तरी चालेल. इतकी मोकळीक त्यांनीच दिलीय तर आपण कोण अडवणार? बाकीचे श्लोक म्हणत असतील तेव्हा तुम्ही डोळे मिटून श्वास बघा किंवा मनात तुमची प्रार्थना म्हणा. शिक्षकांना बाजूला घेऊन मोकळेपणाने सांगा, समजूतदार माणूस असेल तर मान देईल. ओंकाराच्या जागी भ्रामरी करा, तोंड बंद ठेवून नुसता म् म् म् गुंजारव, श्वास आपोआप लांब सुटतो. दम्याचा पंप मात्र बंद करू नका, जवळ ठेवूनच क्लासला जा.

प्रश्न : काचबिंदू आहे, ड्रॉप्स चालू आहेत. शीर्षासन चालेल का? (वय 51, नागपूर)

उत्तर : नाही. शीर्षासनात डोळ्यातलं प्रेशर दुपटीच्या आसपास जातं. डोकं हृदयाच्या खाली जाईल असं कुठलंही आसन टाळा, त्यात अधोमुख श्वानासनही आलं, आणि तुमच्या शिक्षकांना काचबिंदूबद्दल स्पष्ट सांगून ठेवा.

प्रश्न : सूर्यनमस्कार योगात येतात का? आणि किती घालायचे? (वय 35, सातारा)

उत्तर : साताऱ्याहून हा प्रश्न यावा याचा आनंद झाला, कारण सूर्यनमस्कारांचा मोठा प्रचार तुमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी केला, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांना घालायला लावायचे. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्कार सापडत नाहीत, आपल्याकडे ते तालमीतल्या आणि उपासनेच्या परंपरेतून आले. पण श्वासाबरोबर सावकाश घातले तर योगाच्या अंगानेच जातात. आकडा तुमच्या दमावर ठरवा, बारापासून सुरुवात करा, मध्ये बोलता येत नाही इतका दम लागला की थांबा. रथसप्तमीला एकदम 108 घालून पुढचे चार दिवस अंथरुणात असा प्रकार दरवर्षी ऐकते, तसं करू नका. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, हा नियम आसनांनाही लागू.

प्रश्न : मी लातूरला नीटची तयारी करतेय, रिपीटर आहे. रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं, वाचलेलं आठवत नाही. ध्यान करायला बसले की अजूनच भीती वाटते. मेमरी वाढवणारं आसन सांगा ना. (वय 19)

उत्तर : बाळा, मेमरी वाढवणारं असं वेगळं आसन नसतं, तुला झोप मिळाली की वाचलेलं आपोआप जास्त लक्षात राहील, त्यामुळे आधी झोपेचं बघू. ध्यानाला बसून भीती वाटत असेल तर सध्या ध्यान करूच नकोस, तुझं काही चुकत नाहीये, खूप घाबरलेल्या मनाला एकदम डोळे मिटून गप्प बसवलं की असं होतं. त्याऐवजी संध्याकाळी अर्धा तास भरभर चाल, मैत्रिणीबरोबर चाल, अभ्यासाचा विषय काढायचा नाही. नंतर खोलीत ताडासन, हात वर ताणून टाचा उचलणं, मार्जारासन, असं दहा मिनिटं अंग मोकळं कर.

झोपताना गादीवर उताणी पड, डोळे उघडे राहिले तरी चालतील. एक हात पोटावर. नाकाने तीन मोजत श्वास घे, सहा मोजत सोड, रोखायचा नाही. मग उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू कर, अंगठा, बाकीची बोटं, तळवा, टाच, घोटा, नुसतं मनाने त्या जागी जाऊन यायचं, काही बदलायचं नाही. मध्येच फिजिक्स आठवलं तर परत जिथे होतीस त्या बोटावर ये. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी योगनिद्रा म्हणून जी पद्धत शिकवली तिचा हा छोटा भाग आहे. पहिले काही दिवस काहीच होत नाहीये असं वाटेल तरी करत राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, अलार्मसाठी साधं घड्याळ आण.

आणि हे नीट वाच. धडधड रोज होत असेल, जेवण जात नसेल, रडू आवरत नसेल किंवा जगून काय उपयोग असे विचार येत असतील तर हे योगावर सोडायचं नाही. आईबाबांपैकी ज्याच्याशी बोलणं सोपं वाटतं त्याला आज सांग आणि डॉक्टरकडे जा. घरी बोलता येत नसेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोन करून झाला की मला परत लिही, तुझ्या पत्राची वाट बघतेय.